विषयात पहिली

हॉस्टेल, खोली नंबर सतरा
४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू फोनवर बोलत नाहीस म्हणून हे पत्र. मैत्रिणी विचारतात, हल्ली कोण पत्र लिहितं? मी सांगते, आमचे मामा कोर्टात स्टेनो आहेत. दिवसभर लोकांचं बोलणं ऐकून लिहून घेतात, त्यामुळे घरी आल्यावर त्यांच्या कानांना सुट्टी असते. शिवाय फोन कानाला लागला की त्यांचा उजवा हात आपोआप पेन्सिल शोधायला लागतो. त्यांना वाटतं मी विनोद करतेय.

मुद्द्यावर येते. तुमच्या कोर्टातल्या वकीलबाई, ज्यांचा विषय निघाला की तू जेवतानासुद्धा आवाज खाली आणतोस, त्यांच्या चेंबरमध्ये ज्युनिअरची जागा निघाली आहे. एकच. शेवटच्या वर्षाची मुलंही अर्ज करू शकतात. मामा, मला ती जागा हवी आहे. इतकं काही हवं झाल्याचं मला आठवत नाही. अर्जासोबत फक्त एका पानाचा रेझ्युमे मागितलाय (तू बायोडेटा म्हणतोस, म्हण बापडा). गुणपत्रक नाही. वीस तारखेपर्यंत मुदत.

घोडं अडलंय एका ओळीवर. पुराव्याच्या कायद्यात पहिला नंबर आला, ते तुला माहीतच आहे. आईने त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स कपाटाच्या दारावर आतून चिकटवलीय, म्हणजे साडी काढताना रोज दिसते. पण ते रेझ्युमेत लिहायचं की नाही?

आमच्या कॉलेजच्या करिअर सल्लागार बाई म्हणतात, अजिबात नको. एकच विषय लिहिलास की वाचणारा लगेच विचारणार, बाकीच्यांचं काय? असे तीन-चार विषय असतील तर लिही, नाहीतर झाकली मूठ बरी. पुराव्याचे सर म्हणतात, लिही, कमावलंय ते लिहायचं नाही तर काय करायचं? माझ्या खोलीतल्या टॉपरने अकरा विषय लिहिलेत, एकाखाली एक. वाचताना किराणा मालाची यादी वाचल्यासारखं होतं, पण तिला काय, तिच्याकडे माल आहे. आणि खालच्या मजल्यावरच्या एकीने 'पर्यावरण, ए प्लस' असं ठळक टाकलंय. त्या पेपरला सगळ्या वर्गालाच ए प्लस होता.

माझं बाकीचं आपलं ठीकठाक आहे. तू एकतीस वर्षं वकिलांना बघतोयस. तू सांग.

तुझी,
हरकत

---

९ फेब्रुवारी

चि. हरकतीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मामीला मोठ्याने. मामी म्हणाली, यात विचारायचं काय आहे? मीही तेच म्हणतो. तू तीन वर्षांची असताना "झोप आता" म्हटलं की "का?", "दूध पी" म्हटलं की "का?" असं करायचीस, म्हणून तुझं नाव हरकत ठेवलं. ते जन्माचं चिकटलं. पण हरकत दुसऱ्याच्या बोलण्यावर घ्यायची असते गं, स्वतःच्या यशावर कोणी घेतं का?

लिही. नावाच्या खाली, पहिली ओळ, ठळक. हजारो मुलांतून पहिलं यायचं आणि ते रुमालात गुंडाळून ठेवायचं, हा कुठला शहाणपणा? त्या सल्लागार बाईंना म्हणावं, माझे मामा कोर्टात बसतात, आणि तिथे जे कागदावर नाही ते कोणी विचारात घेत नाही. साक्षीदार ढसाढसा रडला तरी मी लिहिल्याशिवाय तो रडलेला नसतो.

आता बाईंबद्दल सांगतो, म्हणजे तुला अंदाज येईल. बाकीचे वकील एक गोष्ट सात वेळा सांगतात. मी पहिल्यांदा लिहितो आणि उरलेल्या सहा वेळा नुसता हात हलवतो, त्यांना बरं वाटावं म्हणून. बाईंच्या बाबतीत ते चालत नाही, कारण त्या एकदाच सांगतात. माझ्या पेन्सिलचं टोक मोडलं की बाई थांबतात. वळून बघत नाहीत, काही म्हणत नाहीत, नुसत्या थांबतात. मी दुसरी पेन्सिल उचलली की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे. एकतीस वर्षांत असं करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. अशा बाईंच्या हाताखाली तू शिकणार म्हटल्यावर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मामी म्हणते, मूठभर कसलं, शर्टाची बटणं बघा.

तू निर्धास्त राहा. मीही इकडे माझ्या परीने काम करून ठेवलंय. शिफारस नव्हे हो! मी कोर्टाचा माणूस, शिफारस करत नाही. फक्त माहिती दिलीय. वेळ आली की कळेल.

आईला सांग, झेरॉक्स दाराच्या बाहेरून लाव.

तुझा,
मामा

---

१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

रागावू नकोस. अर्ज काल पाठवला. ती ओळ लिहिली नाही.

तीन दिवस लिहीत होते आणि खोडत होते. टॉपर म्हणाली, तुझ्या रबराचा भुगा झाडायला मला वेगळा झाडू लागेल. शेवटी खरं कारण तुला सांगते, कारण तुझ्याशी खोटं बोलले तर मला पचणार नाही. 'बाकीचं ठीकठाक' म्हणाले ना मी, ते ठीकठाक नाहीये. दुसऱ्या वर्षी करार कायद्यात मला सी आहे. आईला मी बी सांगितलं होतं. पुराव्याची ओळ टाकली की बाई विचारणार, आणि करार? खोलीतला एकच दिवा लावला की उरलेला अंधार जास्त दिसतो, तसं होईल. काहीच लिहिलं नाही तर सगळं सारखं दिसेल. सल्लागार बाई खूश झाल्या. म्हणाल्या, आता कसा स्वच्छ दिसतोय कागद. स्वच्छ आहे खरा. माझ्याऐवजी कोणाचंही नाव वर टाकलं तरी चालेल इतका स्वच्छ.

आणि हजारो मुलं कुठून आणलीस रे? वर्गात आम्ही चौऱ्याहत्तर. त्यातले वीस हजेरीपुरते. भाचीचं कौतुक करताना तुझा हात फारच सैल सुटतो. कोर्टात असं लिहीत नाहीस ना?

'माहिती दिलीय' म्हणजे काय केलंस? कोणाला? मला धडकी भरलीय.

तुझी,
हरकत

---

२१ फेब्रुवारी

चि. हरकतीस,

घाईत लिहितोय. एवढं एकच काम कर. ऑक्टोबरमध्ये निकालाच्या दिवशी तू मला फोन केला होतास. तुझ्यामागे मुलींचा गोंधळ चालू होता आणि तू ओरडून बोलत होतीस. त्या दिवशी तू नेमकं काय म्हणालीस, ते शब्द न बदलता लिहून पाठव. अर्थ नको. शब्द हवेत.

सी बद्दल नंतर बोलू. ते फार मोठं नाही.

मामा

---

२७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझ्या पत्राने माझ्या पाचावर धारण बसली. समन्स आल्यासारखं वाटलं.

मी म्हणाले होते, "मामा, मी पुराव्याच्या कायद्यात विषयात पहिली आले." तू विचारलंस, "काय पहिली?" मी पुन्हा ओरडले, "विषयात पहिली!" मग तू "थांब, लिहून घेतो" म्हणालास, आणि मी हसायला लागले, आणि मग फोन टॉपरने ओढून घेतला. एवढंच.

आता माझी बातमी ऐक. मला मुलाखतीला बोलावलंय! पंधरा मार्चला बाई इथल्या वरच्या कोर्टात एका कामासाठी येणार आहेत. तेव्हाच, तिथल्या लायब्ररीशेजारच्या खोलीत. चेंबरमधून त्यांच्या कारकुनाचा फोन आला होता. एकशे दहा अर्जांतून पाच जणांना बोलावलंय. मी ओरडणार तेवढ्यात ते म्हणाले, "पुराव्यात विद्यापीठात पहिल्या आलेल्या त्या तुम्हीच ना? तुमच्या बायोडेटात दिसलं नाही, म्हणून विचारतो." मी म्हटलं, नाही, दुसरी कोणीतरी असेल. ते म्हणाले, "बरं, नाव तर हेच आहे," आणि फोन ठेवला.

मामा, ती दुसरी कोणीतरी मीच आहे का?

हरकत

---

४ मार्च

चि. हरकतीस,

हो. ती तूच.

फोनची वही काढली. ऑक्टोबरचं पान. माझ्या हाताने लिहिलंय: 'पु. का. वि. प.' आता ऐक, म्हणजे तुझा मामा कसा तोंडघशी पडला ते तुला नीट कळेल. आम्ही स्टेनो लोक पूर्ण शब्द लिहीत बसलो तर साक्षीदार घरी जाऊन जेवून येईल. प्रत्येकाचे आपापले तुकडे ठरलेले असतात. माझ्याकडे 'वि.' म्हणजे विषयही आणि विद्यापीठही. कोर्टात कधी अडचण आली नाही, कारण तिथे त्याच दिवशी संध्याकाळी टाइप करतो, सगळं डोक्यात ताजं असतं. ही वही मी तुझं फेब्रुवारीतलं पहिलं पत्र आल्यावर उघडली. 'पुराव्याच्या कायद्यात विद्यापीठात पहिली' असं वाचलं, आणि वाचताना मला जराही शंका आली नाही. हे तुला सांगायला लाज वाटते. पण खरं तेच आहे. मला वाटलं, आमची हरकत आहे, ती विद्यापीठात पहिली येणार नाही तर कोण येणार?

आणि मग दुसऱ्याच दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाई भेटल्या. मी त्यांना थांबवलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, "माझी भाची तुमच्याकडे अर्ज करणार आहे. पुराव्यात विद्यापीठात पहिली आहे." बाई म्हणाल्या, "हो? छान." बाजूला दोन वकील उभे होते, शिपाई होता. सगळ्यांनी ऐकलं. शिपायाने तर दुपारी चहा मागितला.

मी लिहिलेल्या नोंदीत आजवर कोणाला दुरुस्तीचा अर्ज करावा लागलेला नाही. पाच न्यायाधीश आले आणि बदलून गेले, प्रत्येकाने जाताना हेच सांगितलं. मला लोक पेन्सिल म्हणतात ते काही मी बारीक आहे म्हणून नाही. आणि जी एक गोष्ट मी नोकरीबाहेर, प्रेमाने, तोंडाने सांगितली, तीच चुकीची निघाली.

मला हे बाईंना सांगावं लागेल. आता प्रश्न असा आहे. आज सांगितलं, तर कदाचित तुझी मुलाखत जाईल. पंधरा तारखेनंतर सांगितलं, तर तू निदान समोर बसशील, बोलशील. एकदा तुझं बोलणं ऐकलं की बाकीचं बाईंना दिसेलच. रात्रभर हाच हिशेब डोक्यात. मामी म्हणते, हे तुम्ही मला विचारताय म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे. मामीशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण तुझं काय म्हणणं ते कळव.

मामा

---

८ मार्च

प्रिय मामा,

आधी एक. 'लाज' हा शब्द तू खोडून टाक. मी ते पत्र हातात धरून हॉस्टेलच्या पायऱ्यांवर बसले होते आणि रडत नव्हते, हसत होते. जगात मला विद्यापीठात पहिली समजणारा एक माणूस महिनाभर राजरोस फिरत होता आणि मला पत्ताच नव्हता! टॉपरला सांगितलं तर ती म्हणाली, "मला असा मामा असता तर मी अकरा ओळी लिहिल्याच नसत्या." तिच्या घरी कोणी काही विचारत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आता दुसरं. तू काही बोलू नकोस. मी सांगणार. तुझी चूक अर्धीच आहे. मी माझा कागद कोरा ठेवला नसता, खरी ओळ लिहिली असती, तर तुझं 'विद्यापीठ' तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. मी दडवलं म्हणून तुझं फुगलेलं तसंच राहिलं. मी नवा रेझ्युमे केलाय. त्यात दोन ओळी आहेत, एकाखाली एक. 'पुराव्याचा कायदा: ए प्लस, विषयात पहिली.' 'करार कायदा: सी.' सल्लागार बाईंनी पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, सी कोणी स्वतःहून लिहितं का? मी म्हटलं, नाही लिहीत, पण मला दोन्ही लिहायचेत.

आईलाही फोन करून सांगितलं. करारात बी नाही, सी होता. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुझं गुणपत्रक टपालाने घरीच आलं होतं ना, वेडे." तीन वर्षं माहीत होतं तिला!

पंधराला सकाळी अकरा. तू शांत राहा आणि तुझं ते व्हरांड्यात जाणं बंद कर.

तुझी,
हरकत

---

१६ मार्च

प्रिय मामा,

तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सगळं क्रमाने सांगते. लायब्ररीशेजारची खोली लहान आहे. एक टेबल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. मी माझा नवा कागद पुढे केला आणि तोंड उघडलं, एवढ्यात त्यांनी फाइलमधून दुसराच कागद काढून माझ्या कागदाशेजारी ठेवला. तुझं अक्षर मी उलट्या बाजूनेही ओळखते.

'दुरुस्ती' असं वर लिहिलेलं. खाली: 'सात फेब्रुवारी रोजी व्हरांड्यात मी आपणास माझी भाची पुराव्याच्या कायद्यात विद्यापीठात पहिली आल्याचे सांगितले. ते चूक आहे. ती विषयात, म्हणजे तिच्या वर्गात, पहिली आली. वर्गात चौऱ्याहत्तर विद्यार्थी होते. चूक लिहून घेणाऱ्याची आहे, सांगणाऱ्या मुलीची नाही. तिने हे कुठेही लिहिलेले वा म्हटलेले नाही. त्या वेळी हजर असलेल्या तिघांनाही मी हे सांगितले आहे.' सही. तारीख पाच मार्च.

पाच मार्च, मामा! म्हणजे मला चारला पत्र टाकलंस आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन आलास. 'तुझं काय म्हणणं ते कळव' हे काय नुसतं शोभेला लिहिलं होतंस?

बाई म्हणाल्या, "हे वाचून मी तुमचा बायोडेटा पुन्हा काढला. विद्यापीठ नाही, वर्ग नाही, विषयसुद्धा नाही. तुमचे मामा जास्त सांगतात, तुम्ही काहीच सांगत नाही. का?"

मी म्हटलं, "एक सांगितलं की दुसरं विचारलं जातं. मला ते नको होतं."

"आणि आज?"

"आज दोन्ही लिहून आणलंय."

त्यांनी चष्मा खाली ओढून वाचलं. "सी का?"

मामा, मी तीन उत्तरं पाठ करून गेले होते. तब्येत, वसतिगृह बदललं, पेपर अवघड होता. त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. म्हटलं, "अभ्यास केला नाही. त्या सहा महिन्यांत कॅरम खेळत होते."

"जिंकलात?"

"उपविजेती."

त्या हसल्या नाहीत, पण कागदाची कड बोटाने सरळ केली. मग म्हणाल्या, "पुराव्यात पहिल्या आहात ना? मग सांगा. तुमच्या मामांनी व्हरांड्यात सांगितलं, त्याची किंमत काय?"

मी म्हटलं, "काही नाही. ते निकाल बघायला तिथे नव्हते. ऐकीव आहे."

"आणि हा कागद?"

मी म्हटलं, "हा त्यांनी स्वतःच्या नुकसानीचा लिहिलाय. यात त्यांचा फायदा एका अक्षराचा नाही. ज्याच्यात सांगणाऱ्याचं फक्त नुकसान आहे, ते तो उगाच सांगत नाही. म्हणून त्याला वजन आहे. माझ्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त."

"प्रमाणपत्रापेक्षा?"

"प्रमाणपत्र मी एका पेपरचं मिळवलंय, मॅडम. हे त्यांनी एकतीस वर्षांचं पणाला लावून लिहिलंय."

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि मी पिईपर्यंत फाइल चाळत बसल्या. आणखी वीस मिनिटं प्रश्न चालले. दोन मला आले नाहीत. येत नाहीत म्हणून सांगितलं.

उठताना त्या म्हणाल्या, "माझ्याकडे शंभरातली ऐंशी कामं करारांची असतात, हे माहीत आहे का?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "परीक्षा संपली की ये. करार कायदा पहिल्या पानापासून वाचून ये. आणि कॅरम घरी ठेवून ये."

ये! मामा, 'या' नाही, 'ये'! दार ओढून घेताना ते माझ्या लक्षात आलं आणि मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. तिथल्या शिपायाने विचारलं, चक्कर आली का?

ओळ लिहायची की नाही, याचं उत्तर मला अजून सरसकट देता येणार नाही. टॉपरने अकरा लिहिल्या आणि तिला दुसऱ्या एका मोठ्या ऑफिसात जागा मिळाली. तिच्या अकराच्या अकरा खऱ्या आहेत, मी तिचा अभ्यास डोळ्यांनी पाहिलाय. मला एवढंच कळलंय की मी माझी ओळ नम्रपणाने नव्हती लपवली, भीतीने लपवली होती. तेवढं सोडलं, तर मला तिचा फार अभिमान आहे. आणि तुझा त्याहून. हे समोरासमोर मला बोलता येणार नाही, म्हणून कागदावर.

तुझी,
हरकत

---

१४ एप्रिल

चि. हरकतीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून महिना होत आला. उत्तर लिहायला चार वेळा बसलो. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिल्यावर स्वतःचं लिहिताना हात अडतो. मामीने तुझं पत्र शेजारणीला, तिच्या सुनेला आणि दूधवाल्याला वाचून दाखवलं. दूधवाला म्हणाला, "सी म्हणजे चांगलं असेल ना?" मामी म्हणाली, "आमच्याकडे चांगलंच."

तुला विचारलं आणि थांबलो नाही, त्याबद्दल बोलणी खायची माझी तयारी आहे. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत कळलं की तू काय लिहिणार. तू 'मी सांगते' म्हणणार. मग मला तुझ्या आड उभं राहावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं. शिपायाला दुरुस्ती सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे चहा परत करू का?"

आता मुख्य गोष्ट. मागच्या मंगळवारी बाईंचं एक जुनं काम सुनावणीला बोर्डावर होतं. समोरच्या बाजूला एक जाडे वकील, मी बाईंना माहिती दिली तेव्हा व्हरांड्यात बाजूला उभे होते त्यांतलेच एक. दोन महिन्यांपूर्वीची साक्ष वाचली जात होती. साक्षीदार म्हणाला होता, 'सही करताना मी कागद वाचला नव्हता.' ते जाडे वकील उठले आणि म्हणाले, साक्षीदाराने 'नव्हता' म्हटलंच नाही, ते नोंदीत घुसलंय. सगळा दावा त्या एका शब्दावर उभा. न्यायाधीश साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जे ऐकलं ते लिहिलंय." त्यावर ते म्हणाले, "साहेब, याच स्टेनोंनी गेल्या महिन्यात आपण चुकीचं लिहून घेतल्याचं लेखी कबूल केलंय."

कोर्ट भरलेलं होतं. सगळ्या माना माझ्याकडे. आणि माझी अवस्था अशी की हे वाक्यसुद्धा मलाच लिहून घ्यायचं होतं. घेतलं. कान तापले होते, पण हात चालू होता. मनात आलं, हरकती, संपलं. एकतीस वर्षं एका 'वि.' ने गिळली.

बाई उठल्या. त्या काय बोलल्या ते शब्दाला शब्द देतो.

"ती कबुली माझ्याकडे दिलेली आहे. ती या कोर्टाच्या कामाची नव्हती, घरातल्या एका फोनची होती. कोणी विचारलेलं नव्हतं, कोणाला कळणारही नव्हतं. आपली चूक जो माणूस न विचारता लिहून देतो, त्याने इथे चूक केली असती तर ती आपल्याला आधीच कळली असती. म्हणून मी ती नोंद मानते. त्याच घरातली मुलगी मी ज्युनिअर म्हणून घेतली आहे, आणि तीही याच कारणासाठी."

साहेब म्हणाले, "नोंद आहे तशी राहील. पुढे चला."

पुढे चाललं. मी लिहीत राहिलो. दुपारी ते जाडे वकील कँटीनमध्ये माझ्या टेबलापाशी आले, म्हणाले, राग मानू नका, अशिलासाठी बोलावं लागतं. मी म्हटलं, राग कसला, तुमचंही वाक्य पूर्ण लिहिलंय.

संध्याकाळी ते पान टाइप केलं. तुझं माझं नाव त्यात कुठे नाही. 'स्टेनो' आहे आणि 'मुलगी' आहे. पण कोर्टाच्या कागदावर आहे, साहेबांच्या सहीचं आहे, आणि कोर्ट उभं आहे तोवर राहणार आहे. घरी येऊन मामीला तोंडपाठ म्हणून दाखवलं. ती हात पुसत ऐकत होती. ऐकून झाल्यावर डोळे बारीक करून म्हणाली, "यात तुमच्या पदरचं किती?"

मी म्हटलं, एक शब्द नाही. या खेपेला वाढवण्याजोगं काही शिल्लकच नव्हतं.

तुझा,
मामा